माणिक घ्यायला झवेरी बाजारात जाण्याआधी

दुकानात शिरल्यावर बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "खडा अस्सल आहे ना?" उत्तर "हो" असं येतं, आणि बऱ्याचदा ते खोटंही नसतं. खाणीतून निघालेला, भट्टीत तापवलेला, चिरांमध्ये शिशाची काच भरलेला खडासुद्धा विकणाऱ्याच्या लेखी अस्सलच असतो. त्यामुळे माणिक घेताना विचारायचं ते वेगळंच : या खड्यावर काय काय केलंय, आणि ते बिलावर लिहून द्याल का? भाव या उत्तरावर ठरतो. सारख्याच रंगाचे, सारख्याच आकाराचे दोन लाल खडे शेजारी ठेवले तरी त्यांच्या किमतीत शेकडो पटींचा फरक असू शकतो, आणि नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही.

कुरुंदाचं घराणं

माणिक म्हणजे कुरुंद. धार लावायच्या दगडात जो कुरुंद असतो, तोच. संस्कृतातला 'कुरुविंद' आणि इंग्रजीतला 'कोरंडम' एकाच कुळातले शब्द. रसायनाच्या भाषेत हे ॲल्युमिनियम ऑक्साइड. शुद्ध असेल तर रंगहीन. त्यात किंचित क्रोमियम शिरलं की लाल, लोखंड आणि टायटॅनियम शिरलं की निळा. म्हणजे माणिक आणि नीलम ही सख्खी भावंडं. काठिण्य मोहसच्या १ ते १० च्या मापावर ९, घनता सुमारे ४, अपवर्तनांक (खडा प्रकाश किती वळवतो त्याचं माप) १.७६२ ते १.७७०. यातला घनतेचा आकडा लक्षात ठेवा, पुढे स्वयंपाकघरात लागणार आहे.

क्रोमियम नुसता रंग देऊन थांबत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते स्वतः लाल चमकतं, आणि खडा आतून पेटल्यासारखा दिसतो. लोखंड मात्र ही चमक मारतं. म्यानमारमधल्या मोगोकचे माणिक संगमरवरात जन्मलेले, त्यांत लोखंड फार थोडं, म्हणून त्यांचा निखारा होतो. थायलंडमधल्या चंथाबुरी भागातले माणिक ज्वालामुखीच्या बेसॉल्ट खडकातून येतात. त्यांत लोखंड जास्त, त्यामुळे रंग गडद आणि थोडा मंद. २००९ मध्ये मोझांबिकमध्ये माँतेप्वेझला मोठा साठा सापडला. तिथला माल या दोहोंच्या मधला, आणि आज बाजारात तो भरपूर आहे. आपल्याकडे ओडिशात कालाहांडीला आणि कर्नाटकातही माणिक निघतो, पण बराचसा अपारदर्शक, घुमटी आकारात घासायच्या लायकीचा.

लाल म्हणजे माणिक नव्हे

जुन्या काळी लाल खडा म्हटला की तो माणिकच, असा समज होता. अफगाणिस्तान-ताजिकिस्तान सीमेवरच्या बदख्शानच्या डोंगरातून येणारे 'लाल' मुघलांना इतके प्रिय की त्यांवर बादशहांची नावं कोरली जात. हे लाल म्हणजे स्पिनेल, एक पूर्ण वेगळं खनिज. दोघांमधला फरक शास्त्रीयदृष्ट्या दाखवला तो फ्रेंच खनिजतज्ज्ञ रोमे द लीलने, १७८३ मध्ये. इंग्लंडच्या राजमुकुटाच्या दर्शनी भागातला 'ब्लॅक प्रिन्स रुबी' स्पिनेलच आहे, आणि लाहोरच्या खजिन्यातून १८५१ मध्ये राणी व्हिक्टोरियाकडे गेलेला, ३५० कॅरटहून मोठा 'तैमूर रुबी'सुद्धा. जिथे राजघराणी फसली तिथे आपण दोन चाचण्या करून घेतल्या तर त्यात कमीपणा काही नाही.

मोगोकचं आणि कोकणाचंही एक नातं आहे. मोगोकमधून निघणारे ठरावीक वजनावरचे माणिक राजाच्या मालकीचे, असा तिथे दंडक होता. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले घेतली आणि त्या खाणींचा शेवटचा राजा थिबा याला आणून ठेवलं रत्नागिरीत. तिथेच १९१६ मध्ये तो वारला. थिबा राजवाडा बघायला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की माणकांच्या खाणींचा हा धनी 'रत्नां'च्या गावी कैदेत होता!

तिसरी तारीख खरेदीदाराच्या जास्त कामाची. १९०२ मध्ये ऑग्युस्त व्हेर्नॉय या फ्रेंच शास्त्रज्ञाने ज्वालेत ॲल्युमिनाची पूड वितळवून माणिक तयार करण्याची रीत जाहीर केली. हा खडा काच नव्हे. रासायनिकदृष्ट्या तो माणिकच, फक्त खाणीऐवजी कारखान्यात जन्मलेला. जुन्या मनगटी घड्याळाच्या तबकडीवर '१७ ज्वेल्स' लिहिलेलं असतं, ते ज्वेल म्हणजे हेच कृत्रिम माणिक. १९६० मध्ये चाललेला पहिला लेसरही कृत्रिम माणकाच्या कांडीवर चालला. मुद्दा असा की 'आजीच्या वेळचं आहे, म्हणजे खरंच असणार' हा हिशेब इथे चालत नाही. आजीची नथ किंवा कुड्या १९०२ नंतरच्या असतील, तर मधला लाल खडा व्हेर्नॉयच्या रीतीचा असण्याची शक्यता चांगलीच आहे.

उजेड : दुकानाच्या उंबऱ्यापाशी

दुकानातल्या पिवळट दिव्याखाली कुठलाही लाल खडा खुलतो. काउंटरवरच्या बत्तीखाली पसंत करा, हरकत नाही. पण पैसे देण्याआधी खडा दाराशी आणा. सकाळी १० ते दुपारी ४ च्या दरम्यान, थेट ऊन न पडणाऱ्या जागी, पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. खडे ज्या पुडीत येतात तिच्या आतला कागद पुष्कळदा पिवळा किंवा निळसर असतो आणि रंगाचा अंदाज चुकवतो, म्हणून कागद आपला न्यावा. पावसाळ्यातला ढगाळ उजेड यासाठी उत्तम : सावली नाही, झगमगाट नाही, जे आहे ते दिसतं.

बघायचं काय? आधी मूळ रंग : लाल, की जांभळट लाल, की नारिंगी झाक, की सरळ गुलाबीच? फिक्या लालला काही जण माणिक म्हणतात, काही गुलाबी नीलम, आणि भावात फरक पडतो. मग रंगाची खोली : फार गडद खडा दिव्याखाली भारदस्त दिसतो आणि घरी आल्यावर काळा पडतो. शेवटी खडा छापील कागदावर पालथा न घालता सरळ ठेवा आणि वरून बघा. मधोमध फिकट चौकट दिसून खालची अक्षरं वाचता येत असतील, तर पैलू उथळ पाडलेत. प्रकाश परत न येता आरपार जातोय. याच्या उलट, काही खड्यांना पोट सुटलेलं असतं. वजन खाली लपलेलं, वरून खडा लहान, आणि पैसे तर वजनाचे. साधारण प्रमाणात कापलेला १ कॅरटचा गोल माणिक ६ मिलिमीटरच्या आसपास भरतो, लंबगोल ७ बाय ५ च्या आसपास. २ कॅरटचा खडा वरून ६ मिलिमीटरच दिसत असेल, तर उरलेल्या कॅरटचे पैसे तुम्ही पोटाला देताय.

भिंग : इथे घाई नको

दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग सोबत असावं. ते खड्याजवळ नाही, डोळ्याजवळ धरायचं. खडा चिमट्यात पकडून भिंगापासून सुमारे अडीच सेंटिमीटरवर आणायचा, दोन्ही कोपर काउंटरवर टेकवायचे, म्हणजे हात थरथरत नाही. उजेड बाजूने किंवा मागून यावा, डोळ्यांत नको. मग खडा हळूहळू कलता करत पृष्ठभागाकडून आत नजर न्यायची. पुरती पाच मिनिटं द्या. दुकानदार चुळबुळ करायला लागला तर करू द्या.

काच भरलेला खडा ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण स्वस्तातले मोठे 'माणिक' बहुतांशी तेच असतात. साधारण २००४ पासून हा माल बाजारात आला. चिरांनी भरलेला, जवळजवळ टाकाऊ कुरुंद घेतात, आम्लात धुतात आणि शिशाची काच वितळवून चिरांत मुरवतात. शिशाच्या काचेचा अपवर्तनांक माणकाच्या जवळ आणता येतो, त्यामुळे चिरा दिसेनाशा होतात आणि मातकट दगड पारदर्शक होतो. भिंगातून तीन गोष्टी शोधायच्या. पहिली, खडा फिरवताना चिरेच्या पातळीत अचानक पसरणारी निळी किंवा जांभळट लकाकी. इथे एक गल्लत होते : रिकाम्या, हवा शिरलेल्या नैसर्गिक चिरेतही रंग दिसतात, पण ते ओल्या रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखे सप्तरंगी असतात. एकाच रंगाचा निळा पडदा उघडझाप करत असेल, तर काच. दुसरी, चिरांत अडकलेले गोल किंवा चपटे बुडबुडे. तिसरी दिसते ती आत नाही, वर : पैलूवर दिव्याचं प्रतिबिंब घ्या आणि खडा किंचित हलवा. माणकाचा पैलू आरशासारखा असतो. मध्येच निस्तेज रेघ किंवा डबकं दिसलं, तर तिथे काच पृष्ठभागापर्यंत आलेली आहे.

कारखान्यातल्या व्हेर्नॉय माणकाची खूण म्हणजे वक्र रेषा, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या चरांसारख्या. नैसर्गिक खड्यातले रंगाचे पट्टे सरळ असतात आणि कोन करून वळतात. वक्र कधीच नसतात. या रेषा सहज दिसत नाहीत. खडा काचेच्या वाटीत ग्लिसरीनमध्ये बुडवा, वाटीखाली पांढरा कागद आणि उजेड ठेवा, मग शोधा. सोबत एखादा गोल बुडबुडा सापडला तर शंका उरत नाही. खडा अगदी निर्मळ, ठसठशीत लाल, मोठा आणि स्वस्त असेल, तर रेषा दिसण्याआधीच कान टवकारावेत. फ्लक्स पद्धतीने, म्हणजे वितळलेल्या क्षारांच्या द्रवात वाढवलेले कृत्रिम माणिक मात्र भल्याभल्यांना चकवतात. ते प्रयोगशाळेवर सोडा.

नैसर्गिक खड्यात काय दिसतं? बारीक सुयांचं जाळं, एकमेकींना ६० अंशांत छेदणाऱ्या सुया. त्याला रेशीम म्हणतात. ते दाट आणि नीट रचलेलं असेल, तर घुमटी खड्यावर सहा किरणांचा तारा उमटतो. बोटांच्या ठशांसारखे दिसणारे भरून आलेले तडेही असतात. रेशीम शाबूत आणि सुया अखंड असतील, तर खडा फार तापवलेला नसावा, कारण जास्त उष्णतेत सुया विरघळतात, तुटक ठिपके होतात. तापवणं ही लबाडी नव्हे. बहुतेक माणिक तापवलेलेच असतात आणि नुसतं तापवलेल्या खड्याचा रंग कायम टिकतो. १९९०च्या दशकात म्यानमारच्या माँग सूमधून आलेल्या खड्यांच्या पोटात निळसर काळा गाभा होता. तापवल्याशिवाय ते विकलेच गेले नसते. त्याच मालापासून टाकणखार घालून तापवण्याने चिरा सांधण्याची रीतही पसरली. तापवलंय हे लपवणं लबाडी. न तापवलेल्याचा भाव तापवलेल्याला लावणं तर सरळ चोरी.

घरच्या दोन चाचण्या, आणि दुधाची गोष्ट

दुधात टाकल्यावर दूध गुलाबी दिसलं म्हणजे माणिक खरा, असं अजूनही सांगतात. लाल काचेची गोटी टाकून बघा, तीही दूध गुलाबी दाखवते. काचेवर ओरखडा काढून बघणं तितकंच निरुपयोगी. काच तर गारगोटीनेही खरवडते. आणि ज्वाला दाखवून तर मुळीच बघू नये.

त्यापेक्षा वजनाची चाचणी करा. ही खिशात मावणाऱ्या तराजूवर होते, फक्त तो ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, ०.००१ असेल तर फारच छान. खडा सुटा असायला हवा. आधी कोरडं वजन लिहून ठेवा. मग तराजूवर पाण्याचा लहान पेला ठेवा, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब घाला म्हणजे खड्याला हवेचे बुडबुडे चिकटत नाहीत, आणि आकडा शून्यावर आणा. खडा बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबकळत धरा. तळाला किंवा कडेला लागता कामा नये. आता दिसणारा आकडा म्हणजे खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा.

समजा खडा १.०६ ग्रॅमचा, म्हणजे ५.३ कॅरटचा. माणिक असेल तर पाण्यात ०.२६ किंवा ०.२७ दिसेल आणि भागाकार ४ च्या आसपास येईल. स्पिनेल असेल तर ०.२९, म्हणजे ३.६ च्या जवळ. टुरमलीन हा दुसराच खडा असेल तर ३.१ च्या पुढेमागे, साधी काच बऱ्याचदा २.५ च्या आसपास. चुकतं कुठे? दोरा जाड असतो, खडा तळाला टेकतो, किंवा खडाच फार लहान असतो. एक कॅरटच्या खड्याला ०.०१ ग्रॅमचा तराजू माणिक आणि स्पिनेल यांत फरक दाखवू शकत नाही.

गार्नेट हा आणखी एक लाल खडा इथे निसटू शकतो, कारण त्याच्या काही जातींची घनताही ४ च्या आसपास असते. त्याला दुसऱ्या चाचणीत पकडा. पोलराइज्ड गॉगल घ्या. खडा खिडकीच्या उजेडासमोर धरा, गॉगलची एक काच मध्ये आणा आणि काच हळूहळू पाव वळसा फिरवा. माणकाचा रंग बदलतो, एकदा जांभळट लाल, एकदा नारिंगीकडे झुकलेला लाल. गार्नेट, स्पिनेल आणि काच यांचा रंग ढिम्म हलत नाही. खड्याच्या एका विशिष्ट दिशेने बघितलं तर माणिकही हलत नाही, म्हणून तीन वेगवेगळ्या बाजूंनी बघा. मोबाइलचा किंवा लॅपटॉपचा पडदा मागे नको. त्याचा उजेड आधीच एका दिशेत बांधलेला असतो आणि गोंधळ होतो.

या दोन्ही चाचण्यांत कारखान्यातला माणिक पूर्ण गुणांनी पास होतो. तो माणिकच आहे ना! काच भरलेला खडाही बऱ्याचदा पास होतो. या चाचण्यांनी परके बाहेर पडतात. घरातला सोंगाड्या भिंगालाच सापडतो.

सूर्य, अनामिका आणि सव्वापाच रत्ती

नवरत्नांत माणिक सूर्याचा, म्हणून नवग्रहांच्या अंगठीत तो मधोमध बसवतात आणि बाकीचे आठ भोवती. सोन्यात जडवून, रविवारी सकाळी, अनामिकेत घालायचा असा प्रघात. झवेरी बाजारातली बरीच दुकानं रविवारीच बंद असतात, तेव्हा अंगठी शनिवारपर्यंत हातात आलेली बरी. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत पद्मरागाचं, म्हणजे माणकाचं, प्रकरण लिहिलं. रत्नांचे गुण सांगताना त्याने खडा वजनाला भारी असावा आणि त्याचं तेज आतून यावं असं म्हटलंय. दोषांत गढूळपणा, मंद तेज, रेषा आणि तुटकेपणा. वर तराजूने आणि भिंगाने जे शोधलं ते याहून फार वेगळं नव्हतं.

श्रद्धा ज्याची त्याची. पण पत्रिका बघणाऱ्याने 'सव्वापाच रत्ती' सांगितलं, की दोन ठिकाणी पैसे जातात. पहिलं, रत्ती कोणती? जुनी रत्ती म्हणजे आपली गुंज, ९६ गुंजांचा एक तोळा, म्हणजे सुमारे ०.१२ ग्रॅम, ०.६ कॅरट. बाजारात आज जी पक्की रत्ती चालते ती साधारण ०.९१ कॅरटची. सव्वापाच गुंजा म्हणजे जेमतेम ३.२ कॅरट, सव्वापाच पक्क्या रत्ती म्हणजे जवळपास ४.८ कॅरट. सांगणाऱ्याच्या मनात कोणती होती ते विचारा, आणि भाव नेहमी कॅरटमध्येच ठरवा; १ कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, यात वाद नाही.

दुसरं जास्त महाग पडतं. चांगल्या रंगाचा, स्वच्छ, न तापवलेला पाच कॅरटचा मोगोकचा माणिक म्हणजे मुंबईतल्या फ्लॅटची किंमत. मग काही हजारांत 'सव्वापाच रत्तीचा बर्मा' मिळतो तो काय असेल? काच भरलेला, नाहीतर कारखान्यातला. वजनाचा हट्ट धरला की बजेट आपोआप तिकडे ढकललं जातं. आमचं स्पष्ट मत : मोठ्या काचभरल्या खड्यापेक्षा दीड कॅरटचा, नुसता तापवलेला माणिक घ्या. तेही परवडत नसेल तर स्पिनेल किंवा गार्नेट त्याच्या स्वतःच्या नावाने घ्या. उपरत्न म्हणून दोन्ही चालवतात आणि निदान आत काच नसते. 'बर्मा' हा शब्द दुकानात पुष्कळदा रंगाचं वर्णन म्हणून वापरला जातो, मूळ देशाचं, म्हणजे म्यानमारचं, नाव म्हणून नव्हे. कागदावर लिहून मिळत नसेल तर त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

कागद

मुंबईत तपासणीची सोय आहे : जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, शिवाय वांद्रे-कुर्ला संकुलात जीआयए आणि आयजीआय या रत्न तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. जाण्याआधी शुल्क, मुदत आणि रंगीत खडा इथेच तपासतात की बाहेर पाठवतात, हे विचारून घ्या. खडा शक्यतो सुटाच द्या. कोंदणात बसवलेल्या खड्याचं वजन अंदाजानेच लिहिता येतं आणि मागची बाजू झाकली असेल तर निदानही अर्धवट राहतं. बंद कोंदणात खड्याखाली लाल चकचकीत पत्रा लावण्याची जुनी रीत आहे, तेव्हा तिथे दिसणारा रंग खड्याचाच असेल असं नाही.

अहवालात आधी 'नॅचरल' की 'सिंथेटिक' ते बघा, मग 'व्हरायटी : रुबी'. खरी गोष्ट खाली शेऱ्यात असते. 'नो इंडिकेशन्स ऑफ हीटिंग' म्हणजे तापवल्याची खूण नाही. 'इंडिकेशन्स ऑफ हीटिंग' म्हणजे तापवलेला. त्यापुढे 'रेसिड्यू' शब्द असेल तर चिरांत सांधल्याचा अवशेष आहे, आणि तो किंचित की बराच हेही लिहिलेलं असतं. भाव तितका उतरला पाहिजे. 'लेड ग्लास', 'कंपोझिट' किंवा 'मॅन्युफॅक्चर्ड प्रॉडक्ट' दिसलं की रत्न म्हणून त्याची किंमत संपली. अहवालाचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर तिथेच मोबाइलवर तपासा, आणि मग अहवालातलं वजन व मिलिमीटरमधली मापं समोरच्या खड्याशी जुळवा. खऱ्या अहवालासोबत दुसराच खडा, हा प्रकार फक्त मोजूनच पकडता येतो.

सोन्यावरचा हॉलमार्क आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी हा ओळखक्रमांक सोन्याच्या शुद्धतेबद्दल आहे. खड्याबद्दल तो एक अक्षरही बोलत नाही. 'हॉलमार्कवालं माणिक' असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. बिलात मात्र सोन्याचं निव्वळ वजन आणि खड्याचं वजन वेगवेगळं हवं. अंगठीचं एकूण वजन ६.५० ग्रॅम आणि खडा ३ कॅरट, म्हणजे ०.६० ग्रॅम, तर सोनं ५.९० ग्रॅमचं. ६.५० वर सोन्याचा दर लावला तर खडा दोनदा विकला. बिलावर 'लाल खडा' किंवा 'रंगीत स्टोन' नको; 'नैसर्गिक माणिक, तापवलेला, काच न भरलेला, अमुक कॅरट' असं पूर्ण वाक्य हवं. अहवाल वेगळा आल्यास पैसे परत, हेही त्याच कागदावर. लिहून द्यायला जो कचरतो, त्याने उत्तर दिलेलंच आहे.

घरी आणल्यावर

न भरलेला माणिक टणक. कोमट पाण्यात सौम्य साबण, पाच-दहा मिनिटं भिजवणं, मऊ ब्रशने मागून घासणं, इतकं पुरे. रिठ्याचं पाणीही चालतं. चिंच किंवा लिंबू मात्र खडा काच भरलेला असण्याची शक्यता असेल तर लावू नका. लिंबाच्या रसाने ती काच खरवडली जाते, चिरा पांढऱ्या पडून वर येतात आणि पुन्हा जात नाहीत. असा खडा ओल्या फडक्याने पुसायचा, एवढंच. दुकानातल्या अल्ट्रासोनिक यंत्रात आणि वाफेत तो घालायचाच नाही. मागे पत्रा लावलेले जडावाचे दागिने तर पाण्यापासूनच दूर ठेवा. आत ओल गेली की पत्रा काळवंडतो आणि वरून खडाच खराब झाल्यासारखा वाटतो.

अंगठीचं माप बदलायला दिलीत तर "खडा काढून झाळा" असं स्पष्ट सांगा आणि पावतीवर लिहून घ्या. ज्वालेत काच भरलेला खडा डोळ्यांदेखत फाटतो. पण न भरलेल्यालाही धोका आहे : झाळताना वापरलेला टाकणखार त्या उष्णतेत माणकाचा पृष्ठभाग खातो, आणि मग पैलू पुन्हा घासावे लागतात. वजन कमी होतं ते वेगळंच.

वर्षातून एकदा अंगठी कानाजवळ नेऊन बोटाने टिचकी मारा. आतून बारीक खुळखुळ आली तर खडा धरणारी सोन्याची नखं सैल झालीत. लोकलच्या दांड्याला आणि ओढणीला अडकून ती रोज थोडी थोडी उचलली जातात. आणि ९ काठिण्याचा खडा मोत्यांच्या शेजारी ठेवू नका. एकाच डबीत टाकलेली माणकाची अंगठी कुड्यांच्या मोत्यांवर ओरखडे काढते आणि स्वतः जशीच्या तशी राहते.